विचारतो खरं, पण ऐकतो का?



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ७ ते ९ आणि अध्याय १८, श्लोक ६३ ते ७३. वेळ असेल तर ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाचा शेवटचा भाग, जिथे माउली आपली गुरुपरंपरा सांगतात, तोही वाचून घ्या.

आज जे लिहिणार आहे ते लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार करत होतो. घरातली गोष्ट आहे आणि त्यात चूक माझी आहे. पण रोज सकाळी आपण इथे वाचतो, बोलतो, आणि आपल्याच जगण्यातला पाठ झाकून ठेवायचा, हे काही बरं नाही. म्हणून सांगतो.

प्रश्न आधी, उत्तरही आधीच

दुसऱ्या अध्यायातला अर्जुन आठवा. सातव्या श्लोकात तो म्हणतो की माझा गोंधळ उडालाय, मी तुझा शिष्य आहे, तुला शरण आलोय, माझं कल्याण कशात आहे ते नक्की सांग. किती सुंदर प्रार्थना आहे! आपल्याला वाटतं, आता हा शांत बसून ऐकणार. पण दोनच श्लोक पुढे जा. नवव्या श्लोकात तो श्रीकृष्णाला सांगून टाकतो की मी लढणार नाही, आणि गप्प बसतो.

म्हणजे, तू सांगशील ते ऐकेन, पण काय करणार नाही ते मी आधीच ठरवलंय!

मी हे श्लोक किती वेळा वाचले असतील, मोजदाद नाही. पण त्यात मी स्वतः बसलोय, हे मला तीन वर्षांपूर्वी त्र्यंबकेश्वरला कळलं.

त्रिपिंडीला गेलो होतो

घरात दोन वर्षं काही ना काही चाललं होतं. मुलाचं लग्न ठरता ठरता मोडायचं. मला रात्र रात्र झोप नसायची. नातेवाइकांपैकी कुणीतरी म्हणालं, पितरांचं काही राहिलं असेल, त्र्यंबकला जाऊन त्रिपिंडी श्राद्ध करून या. आमच्या नाशिककरांना त्र्यंबक म्हणजे घरचंच अंगण. अठ्ठावीस-तीस किलोमीटर. आषाढ संपत आला होता, पाऊस लागून राहिलेला. आम्ही दोघं नवरा-बायको आदल्या दिवशी संध्याकाळीच जाऊन राहिलो.

गुरुजी वयस्कर होते. सामानाची यादी, वेळ, सगळं सांगून झाल्यावर चहा पिता पिता त्यांनी सहज विचारलं, "वडिलांची काही शेवटची इच्छा राहून गेलीय का हो? कुणाला काही द्यायचं, कुणाला काही सांगायचं?"

मी म्हणालो, "नाही, तसं काही नाही."

आणि हे म्हणताना मला पक्कं ठाऊक होतं की मी खोटं बोलतोय.

वडील गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी होतो. बोलणं जवळजवळ बंदच झालेलं. त्यांनी माझा हात धरला आणि एवढंच म्हणाले, "अक्काकडे बघ." अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. घोटीजवळच्या एका गावात दिलेली. थोडी भातशेती, एक म्हैस, दूध डेअरीला घालायची. असा तिचा संसार.

वडिलांच्या पाठोपाठ आई गेली. सिन्नर तालुक्यातल्या आमच्या जमिनीची वारसनोंद करायची होती. गावात जसं सगळे करतात तसं केलं. अक्काला निबंधक कार्यालयात बोलावलं आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. तिने कागद वाचलाही नाही. "तुझ्यावर सोडलंय रे भाऊ," म्हणाली. मी म्हणालो, "कधी काही आलं, तर तुला विसरणार नाही." पुढे समृद्धी महामार्गात आमची जमीन गेली आणि मोबदला माझ्या खात्यात जमा झाला. निम्मे पैसे मुलाच्या फ्लॅटमध्ये घातले, निम्मे मुदत ठेवीत.

अक्काने कधी विचारलं नाही. मी कधी सांगितलं नाही.

कायद्याने माझं काही चुकलं नव्हतं. २००५ सालच्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच असतो, पण तिने तो रीतसर सोडला होता. कागद माझ्या बाजूने होता. म्हणूनच तो आवाज गप्प करणं मला सोपं गेलं. कारण आवाज येत होता, बरं का. दर भाऊबीजेला यायचा. ती पाटावर बसवून ओवाळायची, मी ताटात पाचशे रुपये टाकायचो, आणि आतून कुणीतरी म्हणायचं, "हे एवढंच?" मग दाजींना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांच्या औषधपाण्यासाठी अक्काने बचत गटातून कर्ज काढलं, हेही माझ्या कानावर आलं. त्या दिवशी तर आवाज इतका स्पष्ट होता की दोनदा फोन हातात घेतला. मग वाटलं, पुढच्या महिन्यात बघू. ठेव मोडली तर व्याज बुडेल.

आणि एवढं सगळं असूनही मी रोज सकाळी देवापुढे बसून म्हणायचो, "देवा, काय करू ते सांग. घराला काय लागलंय ते सांग."

तो सांगत होता. मी 'लढणार नाही' म्हणून गप्प बसलो होतो.

गुहेपाशी

दुसऱ्या दिवशी श्राद्ध यथासांग झालं. कुशावर्तावर जाऊन आलो. बायको खोलीवर थांबली आणि मी एकटाच गंगाद्वाराकडे निघालो. साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत. पावसाने निसरड्या झालेल्या. ढग इतके खाली उतरलेले की वर ब्रह्मगिरी आहे हे नुसतं माहीत म्हणून माहीत. वर गोरक्षनाथांची गुहा दाखवतात. तिथे दम खात बसलो.

नाथांची जागा म्हटल्यावर निवृत्तिनाथ आठवणारच. कथा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. वाळीत टाकलेला विठ्ठलपंत बायको-मुलांना घेऊन त्र्यंबकला आला. ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा चालू असताना वाघ आडवा आला, पळापळ झाली, थोरला निवृत्ती चुकला आणि एका गुहेत शिरला. तिथे गहिनीनाथ बसले होते. त्या चुकलेल्या मुलाला त्यांनी आपलं केलं, उपदेश दिला.

लहानपणापासून ही गोष्ट ऐकताना माझं सगळं लक्ष वाघाकडे आणि गुहेकडे असायचं. त्या दिवशी मात्र माझं लक्ष विठ्ठलपंतांकडे गेलं. ही मंडळी त्र्यंबकला आलीच का? त्यांना वाळीत का टाकलं होतं?

विठ्ठलपंत मूळचे पैठणजवळच्या आपेगावचे. लग्न आळंदीच्या रुक्मिणीबाईंशी. मन मात्र संसारात नाही. शेवटी घर सोडून काशीला गेले आणि संन्यास घेतला. परंपरा असं सांगते की आपण संसारी आहोत, मागे बायको आहे, हे त्यांनी गुरूंपासून लपवलं. पुढे गुरू यात्रेला निघाले असताना आळंदीला मुक्काम पडला. एका बाईने नमस्कार केला, त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला. तेव्हा तिने सांगितलं की माझा नवरा तर संन्यास घेऊन बसलाय. चौकशी केल्यावर उलगडा झाला. गुरू काशीला परतले आणि विठ्ठलपंतांना आज्ञा केली की घरी परत जा, संसार कर.

माझ्या अंगावर काटा आला, खरं सांगतो. गुरूने विचारलं आणि शिष्य खोटं बोलला. मागे कुणी नाही म्हणाला. आणि मी काल संध्याकाळी चहाचा कप हातात धरून काय म्हणालो होतो? तसं काही नाही.

आवाज कुठे पाठवतो?

इथे जरा थांबून विचार करू. विठ्ठलपंतांना देव हवा होता, यात शंका नाही. देवासाठी ते काशीपर्यंत गेले. आणि देवाचा शब्द आला तो कोणता? 'अजून पुढे जा' असा नाही. 'मागे जा. जिला टाकून आलास तिच्याकडे जा' असा.

गुहेतल्या निवृत्तिनाथांचं पाहा. इतकी शांत जागा, समोर साक्षात गुरू. कुणालाही वाटेल, आता इथेच बसावं. पण अठराव्या अध्यायाच्या शेवटी माउली काय सांगतात? शंकरापासून मत्स्येंद्रनाथ, मग गोरक्षनाथ, मग गहिनीनाथ अशी परंपरा आली. गहिनीनाथांनी पाहिलं की कलीने माणसं गिळायला घेतलीत, आणि निवृत्तिनाथांना आज्ञा केली की आमच्यापर्यंत आलेलं हे सगळं घे आणि त्या पीडितांना लवकर सोडव. म्हणजे गुहेतली आज्ञा गुहेबाहेर जाण्याची होती. निवृत्तिनाथ मुळातच दयाळू, त्यात गुरूची आज्ञा मिळालेली, त्यामुळे ते पावसाळ्यातल्या ढगासारखे भरून आले आणि बरसले, असं माउली म्हणतात. स्वतःला ते त्या ढगाकडे तहानेने पाहणारा चातक म्हणवतात. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये नेवाशाला जी ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, ती या ढगाचा पाऊस आहे. एका आज्ञेतून दुसरी आज्ञा, एका ऐकण्यातून दुसरं ऐकणं.

आणखी एक उदाहरण, तेही त्र्यंबकशी जोडलेलं. नाथांची परंपरा सांगते की संत एकनाथ आपले गुरू जनार्दनस्वामींबरोबर त्र्यंबकेश्वरला आले होते आणि इथेच गुरूंच्या आज्ञेने त्यांनी चतुःश्लोकी भागवतावर मराठीत टीका लिहिली. पुढे ते तीर्थयात्रा करत फिरले. परत येताना पैठणला त्यांच्या म्हाताऱ्या आजोबांनी, चक्रपाणींनी, त्यांना गाठलं आणि जनार्दनस्वामींचं पत्र हातात दिलं. पैठणला राहा, गृहस्थाश्रम स्वीकार, अशी आज्ञा. कथा अशी आहे की पत्र जिथे वाचलं तिथून नाथ एक पाऊलही पुढे गेले नाहीत. तिथेच राहिले. वाट पाहून थकलेले आजी-आजोबा आणि हा नातू यांची भेट गुरूच्या शब्दाने घडली.

तीन माणसं, तीन आज्ञा. एकाला टाकलेल्या बायकोकडे, एकाला दुःखी लोकांकडे, एकाला थकलेल्या आजी-आजोबांकडे पाठवलं.

देवाचा आवाज कसा ओळखायचा, असं मला बरेच जण विचारतात. त्या पायरीवर मला जे समजलं ते एवढंच. तो आवाज बहुतेक वेळा आपण ज्याच्याकडे पाठ फिरवलीय त्याच्याकडे तोंड करायला लावतो. आपण काशीची वाट विचारतो आणि तो आळंदीची सांगतो.

पण तो आपल्याच मनाचा आवाज नसेल कशावरून?

हा प्रश्न रास्त आहे. 'मला देवाने सांगितलं' म्हणून माणसं नको ते करून बसतात, हेही आपण पाहतो. म्हणून गीताच काय म्हणते ते पाहू.

अठराव्या अध्यायात, सातशे श्लोकांचा उपदेश संपत आला असताना, त्रेसष्टाव्या श्लोकात श्रीकृष्ण म्हणतो की हे सगळं तुला सांगितलं, आता याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे कर. केवढी मोठी गोष्ट आहे! भगवंत आंधळं पालन मागत नाही. विचार करायला सांगतो. जो आवाज म्हणतो 'विचार करू नकोस, कुणाला विचारू नकोस, लगेच कर', त्याच्यापासून सावध राहावं.

मग बहात्तराव्या श्लोकात तो दोन प्रश्न विचारतो. लक्ष देऊन ऐकलंस का? तुझा मोह गेला का? 'पटलं का' असं विचारत नाही. 'ऐकलंस का' असं विचारतो. आणि त्र्याहत्तराव्या श्लोकात अर्जुन उत्तर देतो की मोह गेला, आठवण परत आली, शंका संपली, आता तू म्हणशील तसं करीन.

यातला 'आठवण परत आली' हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. नवीन काही कळलं, असं अर्जुन म्हणत नाही. आठवलं, म्हणतो. देवाचा आवाज बहुधा नवी बातमी आणत नाही. जे आपल्याला आधीच माहीत होतं, आपण दडपून ठेवलं होतं, ते पुन्हा वर आणतो. मला ब्रह्मगिरीवर कुठलीही आकाशवाणी झाली नाही. फक्त वडिलांचे दोन शब्द आठवले. "अक्काकडे बघ."

तेव्हापासून मी स्वतःपुरत्या तीन कसोट्या ठेवल्या आहेत. तुम्हालाही उपयोगी पडतील.

पहिली : हे केल्याने कुणाचं भलं होणार आहे? माझंच मोठेपण वाढणार असेल, तर थांबायचं. आपल्या मनाचा आवाज आपल्याला फार क्वचित लहान करतो.

दुसरी : हे मला आधीपासून माहीत होतं का? आई-वडिलांच्या, संतांच्या, ग्रंथांच्या शिकवणीत बसतं का? चांगल्या माणसाला विचारलं तर तो काय म्हणेल? आणि विचारायचीच चोरी वाटत असेल, तर का वाटते?

तिसरी : यातलं थोडं तरी आज करता येईल का? मनाचे बेत नेहमी पुढच्या महिन्यातले असतात. देवाचं सांगणं बहुतेक वेळा आजचं असतं.

दर्भाची काडी

तिसऱ्या कसोटीसाठी कुशावर्ताची कथा आठवावी. गौतम ऋषींनी तपश्चर्या करून गंगा ब्रह्मगिरीवर आणली. पण ती काही हाती लागेना. इथे दिसे, तिथे गुप्त होई. शेवटी गौतमांनी कुश, म्हणजे दर्भ, टाकून तिला अडवलं. ती जिथे थांबली ते कुशावर्त. आज आपण तिथे स्नान करतो आणि त्या पाण्यालाच गोदावरी म्हणतो.

आतला आवाजही असाच आहे. सकाळी वाचनाला बसलं की दिसतो, चहा होईपर्यंत गुप्त. त्याला अडवायला मोठं धरण लागत नाही. गवताची काडी पुरते. एखादं लहानसं काम, जे आत्ता केलं की माघार घेता येत नाही. एक फोन करावा, एक चिठ्ठी लिहावी, नाहीतर सरळ एसटीत बसावं.

मी पायऱ्या उतरून खाली आलो, निवृत्तिनाथांच्या समाधीवर डोकं टेकलं आणि खोलीवर येऊन बायकोला म्हणालो, "परत नाशिकला नको. घोटीला जाऊ." ती म्हणाली, "आत्ता? पावसात?" गाडीत मी तिला सगळं सांगितलं. ठेव मोडायची म्हणालो. ती खिडकीबाहेर बघत राहिली. पहिनेच्या बाजूने घोटीकडे जाणारा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना भाताची आवणी चालू होती. बायका गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावत होत्या. अक्काही या दिवसांत अशीच वाकलेली असते, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

उशिराचं ऐकणं

मी गेलो तेव्हा अक्का नुकती शेतावरून आली होती. पाय धुवत होती. "अगं बाई, न सांगता?" म्हणाली आणि चहा टाकायला वळली. दाजी खाटेवर होते. त्यांनी डावा हात उचलून नमस्कार केला, उजवा उचलत नव्हता. मी पडवीत बसलो आणि समोर गोठ्याकडे नजर गेली. गव्हाण रिकामी होती.

"म्हैस कुठे गेली गं?"

"विकली. दोन महिने झाले. बचत गटाचे हप्ते थकले होते."

मी सांगायला आलो होतो ते सांगितलं. मोबदला किती आला, तिचा वाटा किती, ठेव मोडून पुढच्या आठवड्यात तिच्या खात्यावर भरतो. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मी सही केली होती ना रे. मला नको." मी म्हणालो, "हे मी देत नाही, अक्का. तुझंच आहे, माझ्याकडे राहिलं होतं. आण्णा जाताना सांगून गेले होते." तेव्हा ती रडली. मग डोळे पुसून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "दोन महिने आधी आला असतास तर म्हैस राहिली असती."

यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. हे वाक्य मी अजून ऐकतो.

पैसे मी दिले. पण दूध देणारी, तिने वासरापासून वाढवलेली म्हैस परत आली नाही. दाजींची सुरुवातीची, सगळ्यात महत्त्वाची तपासण्यांची वेळ परत आली नाही. देव क्षमा करतो, यावर माझा विश्वास आहे. पण उशिरा ऐकण्याची किंमत असते आणि ती बऱ्याचदा आपल्याला नाही, दुसऱ्याला भरावी लागते. आज्ञापालन पुढे ढकलतो तेव्हा आपल्याला वाटतं, आपलाच तर प्रश्न आहे, आपण बघू. तसं नसतं. त्या आवाजाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस वाट बघत उभा असतो.

आणि हेही सांगतो, नाहीतर गोष्ट अर्धी राहील. ऐकलं म्हणून माझ्या घरी लगेच सगळं सुरळीत झालं नाही. मुलाने महिनाभर नीट बोलणं टाकलं. फ्लॅटचे हप्ते अवघड झाले. बायको म्हणाली, "द्यायला माझी ना नव्हती, पण तुम्ही मला आधी विचारलं नाहीत, गाडीत सांगितलंत." तिचंही बरोबर होतं. तिची माफी मागावी लागली. एका चुकीला सुधारताना मी दुसरी केली होती. विचार करून कर, हा त्रेसष्टावा श्लोक मला तेव्हा पुन्हा वाचावा लागला.

विठ्ठलपंतांना तरी काय मिळालं? गुरूचं ऐकून घरी आले आणि समाजाने वाळीत टाकलं. मुलांना मुंज नाकारली गेली. शेवटी प्रायश्चित्त म्हणून त्या दोघांनी देह ठेवला, असं परंपरा सांगते. त्यांच्या हयातीत त्यांना ऐकण्याचं फळ दिसलं नाही. पण ते घरी परतले म्हणून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चार भावंडं आली, आणि आज मी तुमच्याशी मराठीत गीतेबद्दल बोलतोय. शके १२१९ मध्ये, म्हणजे इ. स. १२९७ साली, धाकट्या भावंडांच्या मागोमाग निवृत्तिनाथांनी इथेच त्र्यंबकला समाधी घेतली. पौष वद्य एकादशीला दिंड्या येतात, टाळ-मृदंगाने गाव दुमदुमतं. त्या गर्दीत मला दरवर्षी विठ्ठलपंत आठवतात. काशीहून आळंदीला एकटे चालत निघालेले, पुढे काय होणार याची काही खात्री नसलेले.

फळ हातात बघून ऐकणं हा व्यवहार झाला. शब्दावर विश्वास ठेवून ऐकणं ही भक्ती.

आजचा अभ्यास

वाचन झाल्यावर पाच मिनिटं गप्प बसा. देवाकडे काही मागू नका. फक्त या तीन गोष्टी मनाला विचारा आणि जमलं तर वहीत लिहा.

१. देवा सांग, असं म्हणताना मी काय करणार नाही, हे आधीच ठरवून बसलोय का? ते काय आहे?

२. कुणाचं नाव आलं की मी विषय बदलतो? त्याचं माझ्याकडे काही राहिलंय का? पैसे असतील, शब्द असेल, क्षमा असेल, नुसती विचारपूसही असेल.

३. यातलं कोणतं लहान काम आज सूर्य मावळायच्या आत होऊ शकतं? आणि ते करण्याआधी घरातल्या कुणाला विचारायला, सांगायला हवं?

प्रार्थना

हे निवृत्तिनाथा, तू वाट चुकलास आणि तुला गुरू भेटला. आम्ही वाट चुकतो आणि आपलीच वाट बरोबर म्हणत बसतो. आम्हाला ऐकणारे कान दे. जे आधीच सांगून झालंय ते आठवू दे. ज्याच्याकडे पाठ केली त्याच्याकडे वळायला बळ दे, आणि उशीर व्हायच्या आत वळव.

राम कृष्ण हरी.